दुसरी सही

हिराताई,

तुम्हाला जाऊन आज एकोणीस दिवस झाले. औषधांच्या टेबलाशी उभी राहिले की अजूनही मी नकळत डावीकडे सरकते. तुम्ही उजवीकडून यायचात, हातातला ट्रे टेबलावर ठेवायचात आणि एकच शब्द बोलायचात. "वाच."

"बघ" असं तुम्ही कधीच म्हणाला नाहीत. पहिल्या आठवड्यात मी एकदा म्हटलं होतं, "बघितलं, ताई." तुम्ही खिडकीजवळच्या बेडकडे हनुवटी करून म्हणालात, "बघतायत तर ते आजोबापण. तू वाच." मग मी लेबलाखाली बोट ठेवून मोठ्याने वाचायला लागले. पेशंटचं नाव, औषधाचं नाव, ताकद, मात्रा, कुठून द्यायचं, किती वाजता. सगळा वॉर्ड ऐकत होता. मला लाज वाटली. चार वर्षं कॉलेजात घालवून, इंग्रजीतली जाड पुस्तकं शब्दकोश मांडीवर घेऊन वाचून मी इथवर आले होते आणि इथे मला पहिलीतल्या मुलीसारखं बोट ठेवून वाचायला लावत होते.

"पदवीवाल्यांना वाचता येत नाही का मोठ्याने?" तुम्ही विचारलंत. तुमचा डिप्लोमा होता, माझी पदवी. निवृत्त होईपर्यंत तुम्ही मला हा टोमणा मारलात आणि प्रत्येक अवघड केसला आधी मलाच हाक मारलीत.

वॉर्डात आम्ही दोन संगीता होतो. दुसरी इथलीच, कळव्याची, म्हणून ती संगीताच राहिली. मी करमाळ्याची, म्हणून मला तुम्ही पहिल्या दिवशीच करमाळा करून टाकलंत. "काय गो करमाळा, जेवलीस?" "करमाळा, चार नंबरचं सलाईन बघ." महिन्याभरात डॉक्टरसुद्धा मला करमाळा म्हणायला लागले. पहिल्या दिवशी बाबा मला सोडायला आले होते. मार्केट यार्डात पोती उचलून खांदा एका बाजूला झुकलेले माझे बाबा, हातात ज्वारीच्या पिठाची पिशवी. तुम्हाला हात जोडून ते म्हणाले, "आमच्या पोरीला सांभाळा, सिस्टरबाई. घरात शिकलेली ही पहिलीच."

तुम्ही फाईलमधून मान वर केलीत. "मी नाही सांभाळणार. तिला तीस पेशंट सांभाळायचेत. मी तिलाच सांभाळत बसले तर त्यांना कोण बघणार?"

मला वाटलं, बाबांना वाईट वाटणार. पण ते खूश झाले. गावी जाऊन त्यांनी ते वाक्य सगळ्या आळीला ऐकवलं. परवा फोनवर तुमची बातमी सांगितली तेव्हा म्हणाले, "तुला सांभाळणार नाही म्हणाल्या होत्या." एवढंच. मग फोन आईकडे दिला.

ताई, तुमची नोकरी किती वर्षं झाली, कुठे कुठे झाली, ते निरोप समारंभात सगळ्यांनी सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही. मला तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे, जी तुम्ही एकदा सरळ विचारली होती आणि मी खोटं उत्तर दिलं होतं.

त्याआधी तुमच्या चकव्याबद्दल. बाहेरच्या माणसाला हे खरं वाटणार नाही. इन्सुलिन, रक्त पातळ करणारी इंजेक्शनं, हृदयाची काही औषधं, अशा जोखमीच्या औषधांना आपल्याकडे दोन सह्या लागतात. पहिली सही औषध भरणारीची, दुसरी तपासणारीची. ती दुसरी सही आळसाने होते, असं तुमचं म्हणणं होतं. म्हणून महिन्यातून एकदा, न सांगता, तुम्ही ट्रेमध्ये मुद्दाम चुकीची बाटली ठेवायचात आणि म्हणायचात, "वाच." जिने चूक पकडली तिला तुमच्या डब्यातली सुक्या जवळ्याची चटणी. जिने न बोलता सही केली तिच्यासमोरचा ट्रे तुम्ही शांतपणे मागे ओढून घ्यायचात आणि विचारायचात, "ही दुसरी सही कोणाची?" रागावणं नाही, काही नाही. चकव्याचा ट्रे टेबलावरून कधी उठायचा नाही, हा तुमचा नियम. पेशंटच्या दिशेने एक पाऊलसुद्धा नाही.

मी तीनदा चटणी खाल्ली. पहिल्यांदा खाल्ली तेव्हा वासानेच डोळ्यांत पाणी आलं होतं. आमच्याकडे शेंगदाण्याची चटणी. तुम्ही म्हणालात, "दाण्याची चटणी म्हणजे आजारी माणसाचं खाणं." हा वादही अर्धाच राहिला.

औषधाची ताकद म्हणजे काय, हे मला पुस्तकाने शिकवलं होतं; समजलं ते तुमच्याकडून. तुमची आजी मिठागरावर कामाला जायची. तुम्ही दोन स्टीलचे पेले पुढे ठेवलेत. "दोन्हीत पाणी तेवढंच. एकात मिठाचे चाळीस खडे, दुसऱ्यात शंभर. चमचा एकच. कुठला चमचा खारट?" इन्सुलिनही दोन ताकदींचं येतं, चाळीसचं आणि शंभरचं. चाळीसच्या बाटलीला लाल टोपीची सिरिंज, शंभरच्या बाटलीला केशरी टोपीची. सिरिंजवरच्या रेघा त्या त्या बाटलीच्या हिशेबाने आखलेल्या असतात. शंभरचं औषध लाल टोपीच्या सिरिंजमध्ये भरलं, तर रेघ बाराची दिसते आणि पेशंटच्या अंगात जातात तीस. मी हे आता झोपेतही सांगेन. त्या दिवशी सकाळी पाऊण आठलाही मला हे येत होतं. म्हणूनच लिहिते आहे.

त्याच्या आदल्या आठवड्यात काय झालं होतं, ते तुम्हाला आठवत असेल. राउंड चालू होता. दोन नव्या मुली, डॉक्टर, आपण दोघी. तुम्ही गोळ्यांची पट्टी पुढे केलीत, अडीच मिलिग्रॅमची म्हणून. ती पाचची होती. मी ताबडतोब म्हटलं, "ताई, ही पाचची आहे." आणि हसले, कारण मला वाटलं चकवा. मुलीही हसल्या. एक म्हणाली, "करमाळा सिस्टरना कोण फसवणार." तुम्हीही हसलात, "शाबास" म्हणालात. डबा उघडून चटणी दिलीत. पण मी तुमच्याकडे बघत होते. तुम्ही चष्मा काढलात आणि पदराने पुसत राहिलात. काच स्वच्छ झाली तरी पुसत राहिलात. तो चकवा नव्हता. तुम्हाला अडीच आणि पाच यांतला फरक दिसला नव्हता.

त्या संध्याकाळी दिवा स्टेशनजवळच्या माझ्या खोलीवर पाण्याच्या टँकरपुढे हंडा घेऊन उभी असताना माझ्या डोळ्यांपुढे तो चष्मा येत राहिला. तुमच्या निवृत्तीला चार महिने उरले होते. मी ठरवलं, पुन्हा चारचौघांत तुम्हाला असं होऊ द्यायचं नाही. काही दिसलंच तर बाजूला घेऊन सांगायचं. ते ठरवताना मला मी फार चांगली मुलगी वाटले होते.

मग ती सकाळ. घोडबंदर रोडला ट्रेलर बंद पडला होता, आपल्या तीन मुली बसमध्ये अडकल्या होत्या, फोनवर फोन येत होते. वॉर्डात आपण दोघीच आणि मावशी. नऊ नंबरच्या आजोबांचं नाश्त्याआधीचं इन्सुलिन द्यायचं होतं. शाळेतून शिपाई म्हणून निवृत्त झालेले, रोज सकाळी सगळ्या वॉर्डाला "हजर?" असं विचारणारे आजोबा. आपल्याकडे नेहमी चाळीसची बाटली असते. त्या दिवशी स्टोअरला नव्हती, म्हणून त्यांच्या बायकोने, आजींनी, बाहेरच्या मेडिकलमधून आणली होती. ती शंभरची होती.

तुम्ही भरलंत. बाराच्या रेघेपर्यंत. ट्रे टेबलावर ठेवलात आणि म्हणालात, "वाच."

ताई, मला दिसलं होतं.

बाटलीवरचा शंभरचा आकडा दिसला. सिरिंजची टोपी शेजारी पडली होती, लाल. दोन्ही एकाच वेळी दिसलं. मी तोंड उघडलं आणि नेमकी त्याच वेळी मावशी पुसायला आली, मागे चार नंबरच्या नातेवाईक बाई येऊन उभ्या राहिल्या. मला तुमचा चष्मा आठवला. मी नाव वाचलं, औषध वाचलं, "बारा युनिट" वाचलं. ताकद वाचली नाही. त्या जागी श्वास घेतला. तुम्ही ऐकत होतात. तुम्हालाही घाई होती, तुमच्याही लक्षात आलं नाही. आणि मी सही केली.

मी सही का केली, ते नीट सांगते. मला वाटलं, चकवा असेल. चकवा असेल तर तुम्ही आता ट्रे मागे ओढाल, विचाराल, ही दुसरी सही कोणाची. मी मान खाली घालेन, चारचौघांत लाज माझी जाईल, तुमची नाही. मी त्याची वाट बघत उभी होते. तुम्ही ट्रे ओढला नाहीत. उचललात.

टेबलापासून नऊ नंबरपर्यंत सोळा पावलं आहेत. नंतर मी मोजली, कितीतरी वेळा. त्या सोळा पावलांत मला हाक मारता आली असती. "ताई, जरा इकडे" एवढंच पुरलं असतं. बाईंनी विचारलं, "सिस्टर, आमचं ड्रेसिंग कधी?" मी वळले आणि त्यांच्याशी बोलायला लागले. मनात म्हणत होते, ताईंनी भरलंय, त्यांना माहीत असणार, त्यांनी काहीतरी हिशेब केला असणार. तुमच्यावरचा विश्वास मी स्वतःला लपवायला वापरला.

आजोबांना मळमळत होतं, त्यांनी नाश्ता नको म्हटलं. पाऊण तासाने आजी ओरडल्या. आजोबा घामाने भिजले होते, जीभ जड झाली होती, आजींना ओळखत नव्हते. तुम्ही शुगर तपासायची पट्टी काढत होतात, तोवर मी साखरेचं इंजेक्शन भरून तयार उभी होते. डॉक्टर यायच्या आधी. शुगर अडतीस आली. शिरेतून साखर गेली, दहा मिनिटांनी आजोबांनी डोळे नीट उघडले, आजूबाजूला जमलेले आम्ही सगळे बघितले आणि म्हणाले, "हजर." आजी रडायला लागल्या. तुम्ही त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभ्या होतात.

मग तुम्ही बाटली हातात घेतलीत. खिडकीशी गेलात, डोळ्यांच्या अगदी जवळ नेलीत. परत आलात आणि थेट आजींसमोर स्टूल ओढून बसलात. मी ऐकत होते. "आजी, हे माझ्यामुळे झालं. औषध जास्त गेलं. चूक माझी आहे. आजचा पूर्ण दिवस आम्ही त्यांची शुगर दर तासाला बघू, मी स्वतः बसेन." डॉक्टर तुमच्याकडे बघतच राहिले. आजींनी आजोबांच्या कपाळावरचा घाम पदराने पुसला. मग म्हणाल्या, "आता बरे आहेत ना? मग तुम्ही आधी चहा घ्या."

मी तेव्हा बोलायला हवं होतं. तुम्ही बसलेल्या त्या स्टुलाशेजारी जागा होती.

दुपारी तुम्ही चुकीच्या नोंदीचा फॉर्म भरायला बसलात. मी भांडले तुमच्याशी. आठवतं? मी म्हटलं, "ताई, आजोबा ठीक आहेत. चार महिने राहिलेत तुमचे. कशाला कागदावर?" तुम्ही पेनाचं टोपण काढलंत. "कागदावर नाही घातलं तर पुढच्या वेळी दुसऱ्या कोणाच्या आजोबांवर जाईल. आणि तेव्हा साखर घेऊन तयार उभी राहायला तू नसशील." मग तुम्ही थांबलात. माझ्याकडे बघितलंत. चष्म्यातून नाही, वरून.

"करमाळा, तुला इतक्या लवकर कसं गो कळलं? तुला दिसलं नव्हतं की दिसून बोलली नाहीस?"

"नव्हतं दिसलं, ताई."

"बरं."

तुम्ही लिहिलंत: दुसरी सही करणाऱ्या नर्सने माझ्या अनुभवावर विश्वास ठेवून सही केली. मी आवश्यक काळजी घेतली नाही. फॉर्म माझ्याकडे सरकवलात. त्या वाक्याखाली मी पुन्हा एकदा सही केली. एकाच दिवसात दोन खोट्या सह्या.

त्यानंतर तुम्ही स्वतःहून औषधांच्या टेबलावरून बाजूला झालात. मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घेतलंत, दोन्ही डोळ्यांचं. शंभरची बाटली वेगळ्या डब्यात, केशरी चिकटपट्टी लावून, हा नियम तुमच्या त्या फॉर्ममुळे आला आणि आता सगळ्या मजल्यांवर आहे. माझ्याशी तुम्ही पूर्वीसारखंच वागलात. करमाळा म्हणालात, टोमणे मारलेत. मीच बदलले. तुमच्यासोबत चहाला यायचं टाळायला लागले. निवृत्त झाल्यावर तुम्ही कितीदा घरी बोलावलंत. मी सांगायचे, दिव्याला पाणी फक्त रविवारी येतं. मग डोंबिवलीला खोली बदलली तेव्हा म्हटलं, सामान लावायचंय. एकदाच आले, आठ महिन्यांपूर्वी. खाडीकाठच्या तुमच्या कोळीवाड्यात, अंगणात तुम्ही जवळा निवडत बसला होतात. नवीन डोळ्यांनी. "हे बघ," म्हणालात, "आता यातला बारीक खडापण दिसतो." मला डबा भरून दिलात चटणीचा. मग हात झटकून म्हणालात, "तुला एक विचारायचं होतं." तेवढ्यात नातू पडला, रडत आला, तुम्ही त्याला उचलायला उठलात. मी पायात चपला घातल्या. "शीळफाट्याला ट्रॅफिक लागेल, ताई, निघते." तुम्ही म्हणालात, "जा. पुन्हा ये."

डबा माझ्याकडेच राहिला. रिकामा डबा परत कसा द्यायचा, काहीतरी भरून न्यायला हवं, असं म्हणत राहिले. ओट्यावर तो मला रोज दिसायचा.

तुमच्या बाराव्याला आले, तेव्हा त्यात आईकडून मागवलेली दाण्याची चटणी भरून आणली होती. तुमच्या सुनेने डबा ओळखला. मला आत बसवलं. म्हणाली, "आई तुमचं नाव काढायच्या. मी एकदा म्हटलं, येत नाहीत त्या तर तुम्ही फोन करा. तर म्हणाल्या, नको. तिला मना काय तरी सांगाचा हाय. येल ती."

तुम्हाला कळलं होतं. तुम्ही विचारलंत त्या दुपारीच कळलं असणार. मला पकडणं तुम्हाला सोपं होतं. तुम्ही वाट बघितलीत, मी स्वतः वाचेन म्हणून. मी आले ती तुम्ही नसताना.

घरी निघताना सुनेने डबा हातात दिला. जड लागला. "रिकामा कसा देऊ," ती म्हणाली. "त्यांनीच करून ठेवलेली चटणी आहे, शेवटची."

दुसऱ्या दिवशी मी मेट्रन मॅडमकडे गेले. दीड वर्षापूर्वीचा फॉर्म काढायला सांगितला आणि वेगळ्या कागदावर लिहून दिलं, की मला बाटलीवरची ताकद दिसली होती, मी बोलले नाही, आणि फॉर्ममधलं ते वाक्य हिराताईंनी माझ्या खोट्या उत्तरावरून लिहिलं. मॅडमनी दोनदा वाचलं.

"आता का?"

"आता त्या नाहीत म्हणून नाही, मॅडम. त्या असतानाच द्यायला हवं होतं."

"पुढे काय होईल ते मी आत्ता सांगू शकत नाही. समितीपुढे ठेवावं लागेल."

"ठेवा."

त्यांनी कागद फाईलला जोडला. मग म्हणाल्या, "सोमवारी नव्या मुलींचा तास आहे. हिरा घ्यायची तो. तू घे. आणि हे त्यांना सांग."

ताई, तुमच्या चकव्याबद्दल आता माझं तुमच्याशी भांडण आहे आणि ते मला समोरासमोर करायचं होतं. तुमच्या चकव्यानेच मला बोलायला शिकवलं, हे खरं. पण त्याच चकव्याने त्या दिवशी मला लपायला जागा दिली. चूक समोर दिसत असताना मी वाट बघत राहिले की ही मुद्दाम केलेली असेल, आता ताई ट्रे ओढतील. खरी चूक आणि खेळातली चूक सारखीच दिसायला लागली, की माणूस गप्प बसायला कारण शोधतो. तुम्ही यावर काय म्हणाला असता, मला अंदाज आहे. म्हणाला असता, "चकव्याने नाही गो गप्प बसवलं. तुला मला मान द्यायचा होता." तेही खरं आहे. पण मी चकवा बंद केला आहे. आता आपल्याकडे दुसरीने सगळं मोठ्याने वाचल्याशिवाय पहिलीसुद्धा सही करत नाही. वाचणं तुमचंच ठेवलं आहे. पटलं नसेल तर नसो, हे भांडण मला हवं आहे. ते संपलं तर तुम्ही आणखी थोड्या लांब जाल.

सोमवारी आठ मुली होत्या. मी सगळं सांगितलं, चष्म्यापासून सोळा पावलांपर्यंत. मोखाड्याची निकिता, आठ दिवसांपूर्वी लागलेली, आवाज इतका बारीक की हजेरीलाही दोनदा विचारावं लागतं. तिने हात वर केला.

"सिस्टर, त्यांना वाईट वाटेल म्हणून तुम्ही बोलला नाहीत?"

"हो."

"आणि आजोबांना?"

मी म्हटलं, "त्यांचा विचार माझ्या मनात आलाच नाही. तेच तर सांगायला उभी आहे."

काल सकाळी निकिता माझ्यासोबत टेबलावर होती. नऊ नंबरवर आता दुसरे कोणी आहेत. डॉक्टर उभे होते, दोन नातेवाईक होते. मी इन्सुलिन भरलं, ट्रे ठेवला आणि तुमचा शब्द उच्चारला. तिने वाचायला सुरुवात केली आणि मध्येच थांबली. "सिस्टर, थांबा. ही शंभरची वाटतेय मला."

शंभरची नव्हती. चाळीसचीच होती, माझ्या हातानेच काढलेली. सगळे माझ्याकडे बघत होते. ताई, माझे कान गरम झाले. एवढी वर्षं काम करून, चारचौघांत, आठ दिवसांच्या मुलीने, आणि तेही चुकीचं. कितीतरी बोलणं जिभेवर आलं. तुम्ही त्या दिवशी चष्मा का पुसत राहिलात, ते मला काल कळलं. बोलणं गिळायला तेवढा वेळ लागतो.

मी बाटली फिरवून लेबल तिच्यासमोर धरलं. "परत वाच."

तिने बोट ठेवलं. "चाळीस." तिचा चेहरा पडला. "सॉरी, सिस्टर. चुकले मी."

"सॉरी नको. उद्या पुन्हा शंका आली तर?"

तिने बोट लेबलावरून उचललं नाही. "थांबवीन."

"मी असले तरी?"

"हो."

जेवणाच्या सुट्टीत मी तुमचा डबा उघडून तिच्यापुढे सरकवला. वासाने ती मागे सरकली, मग चिमूटभर घेतली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तिला सांगितलं नाही की ही शेवटची आहे. डबा धुऊन मी पुन्हा तुमच्या घरी नेईन, भरून.

पण ते दुपारी. त्याआधी, सकाळी, तिने ते लेबल पहिल्यापासून पुन्हा वाचलं. नाव, औषध, ताकद, मात्रा. ताकद जरा जास्तच मोठ्याने. मग मी पहिली सही केली. तिने पेन घेतलं, एकदा टोपीचा रंग बघितला, आणि दुसरी सही केली. मी ट्रे उचलला आणि नऊ नंबरकडे निघाले. सोळा पावलं ती माझ्यावरून नजर न काढता उभी होती.